खमरियाच्या रानात झोळीतली रात्र

दोन झाडांना झोळी बांधून उघड्यावर झोपण्याची हौस आपल्याकडेही रुजू लागली आहे. हिवाळ्यात मात्र या हौसेची कसोटी पहाटे तीन वाजता लागते. अंगावर दोन रजया असूनही पाठ गारठते, कारण झोळीत थंडी खालून येते. हे एवढे लक्षात ठेवून सामान निवडले, तर जबलपूरच्या कडाक्याच्या थंडीतही सगळ्या कुटुंबाला शांत झोप लागू शकते.

जबलपूर स्थानकातून पूर्वेकडे निघाले, की रांझीची गजबज मागे पडते आणि दहाएक किलोमीटरवर खमरिया लागते. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ मध्ये, येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच्या आजूबाजूला ईस्टलँड, वेस्टलँड अशा नावांच्या वसाहती वसल्या. रुंद रस्ते, जुनी क्वार्टर्स, आवारातली मोठमोठी झाडे आणि वसाहत संपताच सुरू होणारे रान, असे हे गाव आहे.

महाराष्ट्राला खमरिया परकी नाही. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि तेव्हापासून या शहरात मराठी घरे आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून खमरियाचा कारखाना ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला, तिचे मुख्यालय पुण्यात आहे. खडकी, देहू रोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा येथील कारखानेही त्याच कंपनीचे. त्यामुळे या गावांतल्या कित्येक घरांत खमरियाचे नाव कानावरून गेलेले असते.

वसाहतीच्या शेजारीच डुमना आहे. जबलपूरचा विमानतळ तिथेच आणि महानगरपालिकेचे सुमारे एक हजार हेक्टरांचे डुमना निसर्ग उद्यानही तिथेच. चितळ, रानडुक्कर, कोल्हा, मोर असे प्राणी-पक्षी येथे दिसतात. बिबट्याचा वावरही या भागात आहे. उद्यानातील खंदारी जलाशयावर आणि खमरियाजवळच्या परियट जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. साग, ऐन, मोह, तेंदू, पळस यांचे हे पानगळीचे रान. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, पाऊस क्वचितच पडतो आणि दिवसा ऊन कोवळे असते. झोळी घेऊन बाहेर पडण्याचा मोह होतो तो याच दिवसांत.

झोळीचे फायदेही आहेत. जमीन खडकाळ असो, उताराची असो किंवा दवाने ओली असो, झोळीला फरक पडत नाही. विंचू-किड्यांपासून माणूस वर राहतो. तंबूपेक्षा सामान कमी लागते. अट एकच, थंडीचा बंदोबस्त आधी केलेला असला पाहिजे.

पाठीला गार का लागते?

जबलपूर समुद्रापासून दूर, सुमारे चारशे मीटर उंचीवर आहे. समुद्राकाठच्या मुंबईत रात्रीही हवा उबदार राहते. इथे मात्र सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. जानेवारीत रात्रीचे तापमान सहज १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते आणि थंडीची लाट आली की पाच अंशांच्या आसपासही येते. सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, तो पहाटे, सूर्योदयाच्या आगेमागे असतो.

रजई किंवा स्लीपिंग बॅग स्वतः ऊब निर्माण करत नाही. कापसात, पिसांत किंवा कृत्रिम तंतूंत जी हवा अडकून स्थिर राहते, ती शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. झोळीत पडल्यावर अंगाखालचा कापूस वजनाने दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि उरतो केवळ कापडाचा पातळ थर. त्या कापडाच्या खालून वारा मोकळा वाहत असतो. तो पाठीची, कमरेची, पोटऱ्यांची ऊब रात्रभर ओढून नेतो. म्हणूनच तापमान साधारण २० अंशांच्या खाली गेले, की झोळीत झोपणाऱ्या बहुतेकांना पाठीकडून गार लागू लागते, मग वर कितीही पांघरा.

आपल्या आई-आजींना हे पुस्तकात वाचावे लागले नाही. बाळासाठी लुगड्याची झोळी बांधली, की त्या आधी आत दुपटे किंवा मऊ गोधडी घालायच्या आणि मगच बाळाला ठेवायच्या. मोठ्या माणसाच्या झोळीतही हाच क्रम ठेवायचा: आधी खालचे, मग वरचे.

झोळी कशी निवडावी?

ही झोळी मूळची अमेरिका खंडाची. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील तायनो लोक झाडांना टांगलेल्या जाळ्यांत झोपत होते. त्यांचा 'हमाका' हा शब्द स्पॅनिश भाषेतून इंग्रजीत गेला आणि त्याचा हॅमॉक झाला. पुढे युरोपच्या नाविकांनी ती जहाजावर नेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना जंगलासाठी छत आणि मच्छरदाणी जोडलेली झोळी मिळाली. आजच्या भटक्यांच्या झोळीचा आराखडा बराचसा तसाच आहे.

बाजारात दोन प्रकार दिसतात. पहिला बागेतला: दोरीची जाळी आणि दोन्ही टोकांना लाकडी दांडा. दुपारी पुस्तक वाचत पडायला तो छान, पण रात्रीसाठी निरुपयोगी. तो पटकन उलटतो आणि जाळीच्या भोकांतून गारवा थेट पाठीला लागतो. दुसरा प्रकार नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या अखंड कापडाचा, दोन्ही टोके चुणून बांधलेला. रात्रीसाठी हाच घ्यावा.

लांबी पाहून घ्या. प्रौढ माणसासाठी झोळी तीन मीटरपेक्षा थोडी अधिक लांब आणि दीड मीटरच्या आसपास रुंद असावी. आखूड झोळीत शरीर केळ्यासारखे वाकते आणि सकाळी कंबर धरते. लांब-रुंद झोळीत जरा तिरके, म्हणजे डोके एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला घेऊन झोपता येते. तसे झोपले की पाठ बरीच सपाट राहते. झोळी किती वजन पेलते, तो आकडा वेष्टनावर वाचा आणि आपल्या वजनापेक्षा तो बराच जास्त आहे ना, हे पाहा. दोन पदरांची झोळी मिळाली तर उत्तम, कारण दोन पदरांमध्ये चटई सरकवता येते आणि ती रात्री हलत नाही.

पट्टे आणि ताण

झोळी झाडाला दोरीने बांधू नका. बारीक दोरी सालीत रुतते, झाडाला जखम करते आणि घसरतेही. किमान अडीच सेंटिमीटर रुंदीचे पॉलिस्टरचे पट्टे घ्यावेत. नायलॉनचे पट्टे रात्रीतून ताणले जातात आणि संध्याकाळी उंच बांधलेली झोळी पहाटे जमिनीला टेकते.

झोळी ताठ बांधली म्हणजे ती अधिक मजबूत होते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उलटे घडते. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर ७० किलोच ताण पडतो. कोन १० अंशांवर आला, म्हणजे झोळी ताठ केली, की तोच ताण प्रत्येक बाजूला सुमारे २०० किलो होतो. पट्टा तुटणे, कडी वाकणे, बारीक झाड झुकणे हे प्रकार यातूनच घडतात. म्हणून झोळीला हसऱ्या ओठांसारखा झोल द्या. झाडांमध्ये चार ते पाच मीटर अंतर असेल, तर पट्टा साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीला बांधावा. बसल्यावर बैठक खुर्चीएवढी, म्हणजे जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. यापेक्षा उंच बांधण्यात शौर्य नाही. झोपेत पडले तर हाड मोडेल.

झाड जिवंत, सरळ आणि जाड बुंध्याचे निवडा. बांधण्याआधी मान वर करून पाहा. वर वाळकी फांदी लोंबत असेल किंवा मोहोळ असेल, तर झाड बदला. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवरची आग्यामोहोळे प्रसिद्ध आहेत. या साऱ्या परिसरात मधमाश्यांना कमी लेखू नये.

खालची ऊब: खर्च आधी येथे करा

पैसे मोजके असतील, तर वरच्या पांघरुणात काटकसर करा, खालच्या थरात नको. खालच्या थरासाठी तीन मार्ग आहेत.

सर्वांत सोपा मार्ग फोमच्या चटईचा. गिर्यारोहक वापरतात ती बंद छिद्रांच्या फोमची चटई अंगाच्या वजनाने फारशी दबत नाही आणि पाणी शोषत नाही. घरात योगासनांची जाड चटई असेल, तर सुरुवातीला तीही चालते. अडचण रुंदीची येते. झोळीच्या कडा खांद्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट लपेटतात आणि अरुंद चटई तिथवर पोहोचत नाही. खांद्याच्या जागी चटईचे दोन तुकडे आडवे जोडले की हा प्रश्न सुटतो.

दुसरा मार्ग झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगण्याच्या रजईचा. परदेशात झोळीचे शौकीन हीच वापरतात आणि आता ती आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येते. ती बाहेर टांगलेली असल्याने अंगाखाली दबत नाही, फुगलेली राहते आणि ऊब टिकते. मात्र ती झोळीला हलकेच चिकटून असली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर वारा तिथून खेळतो. फार ताणली तर रजई चपटी होते.

तिसरा मार्ग घरच्या कपाटातला. एक जाड चादर झोळीच्या खाली दुसऱ्या झोळीसारखी सैल बांधा आणि या दोहोंच्या मध्ये गोधडी किंवा घोंगडी पसरा. बाहेरची चादर सैल असल्याने गोधडी पुरती दबत नाही. घोंगडीचा विशेष गुण असा, की लोकर दवाने थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. कापूस ओला झाला की गार पडतो. हे सामान जड असते, त्यामुळे पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला ते परवडणार नाही. मोटारीने जाऊन मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला मात्र नवीन काही विकत न घेता काम भागवता येते.

चकचकीत चंदेरी कागदासारखे आपत्कालीन ब्लँकेट काही जण थेट अंगाखाली घेतात. त्यातून घामाची वाफ बाहेर जात नाही आणि पहाटे कपडे ओले होतात. ते वापरायचेच असेल, तर चटईच्या खाली घाला.

वरचे पांघरूण आणि कपडे

स्लीपिंग बॅग घेताना वेष्टनावरचे तापमान नीट वाचा. युरोपीय मानकाप्रमाणे दोन आकडे दिलेले असतात. एक आरामाचा, जो सर्वसाधारण स्त्रीला सुखाने झोपता येईल असे तापमान सांगतो. दुसरा मर्यादेचा, जो सर्वसाधारण पुरुषाला अंग आखडून कशीबशी रात्र काढता येईल असे तापमान सांगतो. दुकानदार सहसा दुसरा, मोठ्या अक्षरांतला आकडा दाखवतो. तुम्ही पहिला पाहा. खमरियाच्या जानेवारीसाठी आरामाचा आकडा पाच अंशांच्या आसपास असलेली बॅग पुरेल.

झोळीत लटकत असताना बॅगेत शिरून साखळी ओढणे म्हणजे सर्कस असते. त्यापेक्षा बॅग उघडून रजईसारखी पांघरा आणि फक्त पायांकडचा भाग बंद ठेवा. अंगाखाली दबलेला बॅगेचा भाग तसाही ऊब देत नाही.

आत काय भरलेले आहे तेही विचारा. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण भिजली की तिचा लगदा होतो आणि वाळायला वेळ लागतो. कृत्रिम तंतूंची बॅग थोडी जड, पण दव-दमट हवेत भरवशाची, धुवायला सोपी आणि स्वस्त असते. मुलांसाठी दुसरीच घ्यावी.

दिवसभर घातलेले कपडे घालून झोपू नका. त्यात घामाचा ओलावा असतो. झोपण्यापूर्वी कोरडे थर्मल किंवा लोकरी कपडे, कोरडे मोजे आणि कानटोपी घाला. जीन्स अजिबात नको. मोजे घट्ट असतील तर पायांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय जास्तच गार पडतात. म्हणून सैल मोजे घ्या.

शरीर ही आपली खरी शेगडी आणि तिला इंधन लागते. उपाशीपोटी झोपलेल्या माणसाला थंडी लवकर वाजते. रात्री गरम खिचडी आणि वर तूप, निजताना गुळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा तिळगूळ, थर्मासमध्ये गरम पाणी, एवढी व्यवस्था असावी. कडाक्याच्या थंडीतच संक्रांत येते आणि तेव्हा तीळ-गूळ खातात, हा योगायोग नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून पायांशी ठेवली, तर मुले पटकन झोपतात. पाणी उकळते नसावे आणि झाकण घट्ट लागले आहे का, हे मोठ्यांनीच पाहावे. मद्याने ऊब येते हा निव्वळ भास आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तोंडाला गरम वाटते आणि शरीराची ऊब उलट अधिक वेगाने बाहेर जाते.

छत आणि मच्छरदाणी

पाऊस नसला तरी छत हवेच. निरभ्र रात्री पांघरुणावर इतके दव पडते, की पहाटे रजई पिळावी लागेल. साधारण तीन मीटर बाय तीन मीटरची हलकी ताडपत्री झोळीच्या वर तिरकी ताणली, की दव अडते आणि उघड्या आकाशाकडे जाणारी ऊबही थोडी रोखली जाते. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू खाली ओढून घ्या. ताडपत्री चारही बाजूंनी गच्च बंद मात्र करू नका. श्वासातली वाफ आत साठून सगळे ओले होते. पाऊस आलाच तर पाणी पट्ट्यावरून ओघळत झोळीत येते. पट्ट्याला झोळीच्या अलीकडे सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडला, की पाणी तिथून खाली ठिबकते.

जलाशयाच्या परिसरात डास असतात. डासांनी येणारे हिवताप आणि डेंग्यू या आजारांची भीती सहलीतही असतेच. झोळीला जोडलेली मच्छरदाणी घ्यावी. पाठीकडे चटई किंवा खालची रजई असली की डासांना कापडातून चावताही येत नाही.

सिगडी जवळ नको

थंडीवरचा आपला जुना उपाय म्हणजे शेकोटी. पण झोळीचे नायलॉन ठिणगीने क्षणात वितळते. शिवाय राखीव वनात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. परवानगी असलेल्या ठिकाणी शेकोटी केलीच, तर ती झोळीपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून करा आणि निजण्यापूर्वी पाणी ओतून पूर्ण विझवा.

त्याहून मोठा धोका सिगडीचा. काही कुटुंबे मुले गारठली म्हणून पेटते कोळसे तंबूत किंवा बंद मोटारीत आणतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही आणि झोपेतच जीव जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून तिच्या आत सिगडी ठेवणे तितकेच घातक. ऊब हवी असेल तर खाली आणखी एक गोधडी घाला. निखारे आत आणू नका.

सोबतचा कोणी सारखा कुडकुडत असेल, बोलताना त्याची जीभ अडखळत असेल, हातातून वस्तू पडत असतील किंवा तो गोंधळल्यासारखा वागत असेल, तर त्याला 'थंडी वाजते आहे' म्हणून सोडून देऊ नका. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली उतरल्याची ही लक्षणे असू शकतात. कुडकुडणे थांबले आणि माणूस सुस्त झाला, तर स्थिती अधिक गंभीर असते. ओले कपडे काढा, कोरडे घाला, दोघांनी मिळून लपेटून घ्या, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा. लहान मुले आणि वृद्ध यांचे शरीर लवकर थंड पडते, त्यांच्याकडे रात्री एकदा उठून पाहावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला रात्रभर झोळीत निजवू नये. त्याला सपाट, टणक अंथरूणच सुरक्षित.

जागा कोणती?

खमरियात कारखान्याच्या कुंपणालगतचा भाग संरक्षित आहे. तिथे मुक्काम नाही आणि छायाचित्रेही नाहीत. डुमना उद्यानात रात्री थांबायचे असेल, तर महानगरपालिकेची परवानगी आधी घ्यावी. वनखात्याच्या जंगलात परवानगीशिवाय रात्र काढू नये. बिबट्याच्या रानात कुटुंबासह गुपचूप झोपणे हे साहस नसून अविचार आहे. नवख्यांनी ओळखीच्या माणसाच्या शेतातील झाडे निवडावीत किंवा भेडाघाट, बरगी येथे मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाच्या निवासांत उतरून, त्यांच्या परवानगीने आवारात झोळी बांधता येते का, हे विचारावे.

पाण्याच्या काठाचा मोह टाळा. परियट नदीत आणि जलाशयात मगरी आहेत, हे जबलपूरकरांना चांगले ठाऊक आहे. काठापासून शंभर-दीडशे पावले दूर आणि उंचावर झोळी बांधावी. त्याचा दुसराही लाभ होतो. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहत नाल्यात आणि सखल भागात साठते. दहा-वीस फूट वर गेले, तरी पहाटेचा गारवा आणि धुके यांत फरक जाणवतो. झुडपांचा आडोसा असेल तर वाराही अडतो. अन्न मात्र झोळीजवळ ठेवू नका, ते मोटारीत बंद करून ठेवा.

महाराष्ट्रातून यायचे तर मुंबई-प्रयागराज लोहमार्गावर जबलपूर हे मोठे स्थानक आहे. नागपूरहून सिवनी, लखनादौन मार्गे मोटारीने सुमारे २७० किलोमीटर पडतात. सकाळी निघाले की संध्याकाळपूर्वी खमरिया गाठता येते आणि उजेडात झोळी बांधणे जमते. अंधारात पट्टे शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नये.

पहिली रात्र घरीच

सामान आणले की थेट रानात जाऊ नका. घराच्या आवारात दोन झाडे असतील, तर पहिली रात्र तिथेच काढा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गावाकडच्या घरी किंवा ओळखीच्या शेतावर हा प्रयोग करावा. ज्या रात्री थंडी जास्त आहे, अशीच रात्र मुद्दाम निवडा आणि उशाशी तापमापक ठेवा. पहाटे तीन-चार वाजता जाग आली, तर गार नेमके कुठे लागते आहे, ते हाताने चाचपून पाहा. खांद्याला लागत असेल तर चटई अरुंद आहे. कमरेला लागत असेल तर खालची रजई सैल लोंबते आहे. पायांना लागत असेल तर मोजे आणि गरम पाण्याची पिशवी हवी. सगळीकडूनच लागत असेल, तर दार उघडून घरात जावे आणि दुसऱ्या दिवशी खाली एक थर वाढवावा. रानात तसे उठून घरी जाता येत नाही, म्हणून ही तालीम आधी.

मुलांना या तालमीत सामील करून घ्या. त्यांच्या झोळ्या बुटक्या बांधा, दोऱ्या मोकळ्या लोंबू देऊ नका आणि गळ्यात दोरी अडकेल असा खेळ होऊ देऊ नका. कोणाच्या झोळीत किती अंश तापमानाला किती थर लागले, हे मुलांनाच वहीत लिहायला सांगा. दोन-तीन रात्रींत प्रत्येकाचा स्वतःचा हिशोब तयार होतो, कारण एकाच घरात एकाला चादर पुरते आणि दुसऱ्याला रजईही पुरत नाही.

एवढी तयारी झाली, की खमरियाच्या रानातली रात्र मनसोक्त अनुभवता येते. दूर कोल्हेकुई ऐकू येते, मोहाच्या फांद्यांतून तारे दिसतात आणि कारखान्याच्या वसाहतीतले दिवे झाडांआड मिणमिणत राहतात. पहाट होते, जलाशयावर धुके तरंगू लागते आणि पाणपक्ष्यांची किलबिल सुरू होते. रात्रभर पाठ ऊबेत राहिलेल्या माणसालाच हे सारे पाहायला लवकर उठावेसे वाटते.